साथीदाराची विद्या

गाण्याच्या बैठकीची जाहिरात वाचतांना गवयाचें नांव ठळक अक्षरांत दिसतें, आणि त्याखालीं बारीक टाइपांत 'तबला' व 'संवादिनी' या शब्दांपुढें आणखी दोन नांवें असतात. श्रोते जातात ते वरच्या नांवाकरितां. परंतु बैठक रंगली कीं फसली याचा निर्णय पुष्कळ अंशीं खालच्या दोन नांवांवर अवलंबून असतो. संगीत हा चरितार्थाचा व्यवसाय म्हणून पत्करूं पाहणाऱ्या तरुणांपैकीं पहिल्या श्रेणीचे गायक फारच थोडे होतात. बाकीच्यांना शिकवणी, साथ आणि ध्वनिमुद्रण हे मुख्य मार्ग उरतात. त्यांपैकीं साथीच्या मार्गाचें मोल लोकांना सर्वांत कमी ठाऊक आहे. साथीदाराच्या अंगीं कोणते गुण असावे लागतात हें पाहिलें म्हणजे संगीताच्या एकंदर व्यवसायाला काय लागतें याचीहि बरीचशी कल्पना येते.

पहिला गुण कानाचा. प्रत्येक गळ्याची पट्टी निराळी. कोणी काळी एकमध्यें गातो, कोणी पांढरी दोनमध्यें, तर कोणा गायिकेचा षड्ज काळी चार किंवा काळी पांच असतो. तबलजीला त्या त्या षड्जाशीं तबला मिळवावा लागतो. त्यासाठीं तो लहानमोठ्या तोंडाचे दोन-तीन तबले बाळगतो. वादीखालचे गट्टे सरकवून आणि गजऱ्यावर हातोडीचे हलके ठोके देऊन पुडी सर्व बाजूंनीं सारख्या सुरांत आणतो. दिव्यांच्या उष्णतेनें किंवा पावसाळी हवेनें हा मेळ बैठकीच्या मध्यावरच बिघडतो, आणि गाणें न थांबवितां तो पुन्हां साधावा लागतो. ज्याच्या कानाला ही सूक्ष्म चूक आपण होऊन बोंचत नाहीं, त्याच्या बोटांची सगळी तयारी फुकट जाते.

दुसरा गुण संयमाचा, आणि तो कानापेक्षांहि दुर्मिळ आहे. किराणा घराण्याच्या अतिविलंबित ख्यालांत एकतालाच्या बारा मात्रांच्या एकाच आवर्तनाला पाऊण मिनिट किंवा त्याहूनहि अधिक वेळ लागतो. तेवढ्या अवकाशांत लय तिळभर न ढळूं देतां, अर्धा अर्धा तास साधा ठेका धरून बसणें हें काम वरून सोपें दिसतें. ज्याच्या हातांत शेंकडों कायदे आणि गती तयार आहेत, त्याला तर हा मोह आवरणें फारच जड जातें. परंतु गवई स्वरांची एकेक पायरी चढत असतां मध्येंच बोलांची आतषबाजी झाली, तर ऐकणाराचें चित्त विचलित होतें आणि गवयाची कल्पना तुटते. म्हणून जाणकार तबलजी आपली विद्या झांकून ठेवतो. गवयानें जागा दिली तरच ती उघडतो आणि समेवर येतांच पुन्हां झांकतो.

संवादिनीवादकाची परीक्षा निराळ्या प्रकारची असते. त्याच्या वाद्याचे सूर ठरलेले. सप्तकांत बारा पट्ट्या आणि त्यांच्यामध्यें रिकामी जागा. दरबारी कानड्यांतील आंदोलित कोमल गंधार किंवा एका सुरावरून दुसऱ्या सुरावर ओढत नेलेली मींड तिच्यांत निघत नाहीं. अशा जागीं बोटें उचलून घेणें आणि गळ्याला मोकळें सोडणें हें ज्याला कळलें त्याला साथ कळली असें म्हणावयास हरकत नाहीं. त्यानें गवयाच्या किंचित् मागून चालावें, पण इतकें मागून नव्हे कीं स्वरांचा प्रतिध्वनि ऐकूं यावा. गवई श्वास घेण्यासाठीं थांबला तर ती पोकळी भरून काढावी, पण त्याच्या मनांत नसलेली वाट मात्र दाखवूं नये. आणि पट्टी बदलली म्हणजे तोच राग नव्या बोटांनीं वाजवावा लागत असल्यानें, प्रत्येक राग बाराहि पट्ट्यांतून फिरविण्याचा रियाज त्याला करावा लागतो.

याशिवाय दोघांनाहि घराण्यांचें ज्ञान हवें. ग्वाल्हेरचा गवई तिलवाडा किंवा झुमरा मागेल. जयपूर घराण्याचा गायक बहुधा मध्य-विलंबित त्रितालांत गुंतागुंतीच्या ताना घेऊन समेवर येईल. पुष्कळ वेळां गवई आणि साथीदार यांची पहिली भेट व्यासपीठावरच होते. आधीं तालीम होत नाहीं. गवयाची एखादी मान किंवा हाताचा इशारा, एवढ्यावरच सारा व्यवहार चालतो.

एका कलेवर विसंबून राहणें किती धोक्याचें असतें याचाहि धडा इतिहासानें दिला आहे. १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें संवादिनीवर बंदी घातली. तिचे ठरीव सूर भारतीय संगीताला मानवत नाहींत, हें त्याचें कारण. ही बंदी सुमारे तीस वर्षें टिकली, आणि तेवढा काळ पेटीवादकांना रेडिओचा दरवाजा बंद राहिला. ज्यांच्या हातीं दुसरी कांहीं विद्या होती ते अशा प्रसंगीं तरतात. या बाबतींत गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांचें उदाहरण पाहण्यासारखें आहे. ते नामवंत पेटीवादक तर होतेच. परंतु १९११ सालीं रंगभूमीवर आलेल्या 'मानापमान' नाटकाच्या पदांना चाली त्यांनींच दिल्या, १९१३ सालीं गंधर्व नाटक मंडळीच्या स्थापनेंत ते भागीदार होते, आणि १९३२ सालच्या 'अयोध्येचा राजा' या बोलपटाला संगीत देऊन त्यांत त्यांनीं हरिश्चंद्राची भूमिकाहि केली. त्यांनीं ग्रंथलेखनहि केलें. त्याच गंधर्व मंडळींत तबल्याची साथ करणारे अहमदजान थिरकवा पुढें रामपूर दरबारीं गेले, लखनौच्या संगीत महाविद्यालयांत अध्यापक झाले, आणि १९७० सालीं पद्मभूषण झाले.

चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत आणखी एका गुणाची भर पडली, ती म्हणजे लिहिलेले सूर पाहतांक्षणीं वाजविण्याची. मुंबईच्या वाद्यवृंदांत गोमंतकीय वादकांना जें मानाचें स्थान मिळालें, त्याचें एक कारण असें कीं गोव्याच्या चर्चच्या शाळांतून त्यांना लहानपणींच पाश्चात्य स्वरलेखन शिकविलें जात असे. ॲन्थनी गोन्साल्विस आणि सेबॅस्टियन डिसोझा हीं त्यांतील ठळक नांवें. गायक व सर्व वादक एकाच वेळीं मुद्रित होत असल्यामुळें एकाची चूक झाली तरी सर्वांना पुन्हां वाजवावें लागे. इतकें करून ध्वनिमुद्रिकेवर या वादकांचीं नांवें बहुधा छापलीं जात नसत. पुढें प्रत्येक वाद्य वेगळें मुद्रित करण्याची सोय झाली आणि त्यामागून विजेवरील यंत्रें आलीं. तेव्हां एकत्र बसून वाजविणाऱ्या मोठ्या वाद्यवृंदांची गरजच उतरली.

म्हणून कलेच्या गुणांबरोबर व्यवहाराचे गुणहि लागतात. वेळेच्या आधीं पोंचणें, वाद्याची निगा राखणें, बिदागी व प्रवासखर्च आधीं लेखी ठरविणें या गोष्टी क्षुल्लक वाटतात. परंतु पुन्हां बोलावणें येणें त्यांवरच ठरतें. कायद्याची माहितीहि असावी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत वादकाला स्वतःचा असा हक्क नव्हता. तो १९९४ च्या दुरुस्तीनें मिळाला, आणि २०१२ च्या दुरुस्तीनें ध्वनिमुद्रणाचा व्यापारी उपयोग झाल्यास रॉयल्टी मागण्याचा अधिकारहि त्याला आला. कागद न वाचतां सही करणाऱ्याला हे हक्क असून नसल्यासारखेच होत. २०२० सालीं साथीच्या रोगामुळें बैठकी महिनोगणती बंद पडल्या, तेव्हां केवळ बैठकीच्या बिदागीवर जगणाऱ्यांचे हाल झाले. ज्यांच्या शिकवण्या चालू होत्या त्यांना थोडा तरी आधार राहिला.

आईबापांना असा प्रश्न पडतो कीं मुलाला किंवा मुलीला या मार्गानें जाऊं द्यावें कीं नाहीं. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद परीक्षा उत्तीर्ण होणें हें अभ्यासाचें चांगलें प्रमाण आहे, पण व्यवसायाची कसोटी तेवढ्यानें पुरी होत नाहीं. कसोटी पाहावयाची तर ती घरींच पाहतां येते. दुसरा कोणी गात असतां त्या मुलाला तासभर साधा ठेका धरावयास सांगावें. तो कंटाळला, किंवा स्वतःची करामत दाखविण्यासाठीं अधीर झाला, तर त्याची कला खरी असली तरी ती हौसेपुरतीच ठेवणें बरें. परंतु गाणाराची सम जमली म्हणजे त्याच्याच चेहऱ्यावर आनंद दिसला, तर त्याला अडवूं नये. मात्र त्याच्या हातीं आणखी एक विद्या असूं द्यावी. आणि श्रोत्यांनीं एवढें करावें, कीं बैठक संपल्यावर जाहिरातींतलीं तीं खालचीं दोन नांवेंहि लक्षांत ठेवावींत.