कॅम्परमधलं पाणी गोठू नये म्हणून

हडपसरहून कॅम्पर घेऊन जानेवारीत स्पितीला निघालात, तर पाण्याची काळजी आधी घ्या. पुण्याचा नोंदलेला नीचांक १.७ अंश, तोही १९३५ सालचा. स्पितीतल्या काझात पारा उणे वीसच्याही खाली उतरतो. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं, नळ्या आणि पंप तडकतात. गळती मात्र बर्फ वितळल्यावरच कळते!

किन्नौरमधून वर चढण्याआधीच टाकी आणि गीझर रिकामा करा, गरम-गार दोन्ही नळ उघडे ठेवून पंप थोडा चालवा. नळीच्या खोलगट वळणात घोटभर पाणी उरतंच. तिथे हवेचा दाब देऊन ते बाहेर काढा. प्यायचं पाणी थर्मासमध्ये, आपल्याजवळ ठेवा. रेडिएटरचं कूलंट मात्र या नळ्यांत कधीही ओतू नका. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं.