उन्हाळ्यात चढणारा सूर

चर्चमधला पाइप ऑर्गन हे अस्सल वाद्य आणि मराठी संगीत नाटकाने जवळ केलेला पायाने भाता मारायचा ऑर्गन ही त्याची गरिबाघरची नक्कल, असा समज आहे. वऱ्हाडच्या उन्हात हा समज टिकत नाही. पाइपमध्ये वाजते ती हवा. नळीची लांबी ठरलेली, पण हवा तापली की ध्वनीचा वेग वाढतो आणि त्याच प्रमाणात सूर चढतो. अकोल्यात जानेवारीच्या पहाटेचे ११ अंश आणि मेच्या दुपारचे ४५ अंश धरले, तर फरक जवळजवळ पुऱ्या अर्ध्या स्वराचा येतो. हिवाळ्यात पांढरी एकला मिळवलेली नळी उन्हाळ्यात काळी एक बोलेल! चर्चच्या जाड भिंती आत गारवा धरतात, हे खरं. पण आतला फरक २० ते ३६ अंशच मानला तरी पाव स्वर सरकतोच. सगळ्या नळ्या सारख्याच चढल्या तर बिघडलं कुठे? बिघडतं, कारण याच वाद्यात पितळी जिभेच्या नळ्याही असतात आणि त्या जवळपास जागच्या हलत नाहीत. वाद्य स्वतःशीच बेसूर होतं. मुंबईत कुलाब्याच्या होली नेम कॅथेड्रलमध्ये पाइप ऑर्गन आहे, पण तिथे शेजारी समुद्र आहे. हवेला एवढी उडी माहीत नाही.

पायाच्या ऑर्गनमध्ये सूर ठरवते ती पितळी पाती. उन्हाने ती जेमतेम उतरते. गंधर्व नाटक मंडळीत हरिभाऊ देशपांडे ज्याच्यावर बालगंधर्वांची साथ करत, तो ऑर्गन याच जातीचा. गावोगाव मुक्काम हलवणाऱ्या कंपनीला याहून इमानी सोबती कुठून मिळणार? नादाच्या बाबतीत मात्र पाइपची बाजू वरचढ, हे मान्य करायला हवं. एका टोकाला बंद केलेली नळी निम्म्या लांबीत तोच स्वर देते आणि फक्त विषम उपस्वर ठेवते, म्हणून ती पोकळ, बासरीसारखी वाटते. उघडी नळी भरघोस बोलते. पातीला अशी नळी नसते, म्हणून तिचा आवाज किंचित खरखरीत. कारागीर पातीची टोकं वाकवून तो मवाळ करत; शिवाय हा ऑर्गन हवा बाहेर ढकलण्याऐवजी आत ओढतो, त्यामुळे पेटीपेक्षा मऊ लागतो. राहिला मींडेचा आक्षेप, म्हणजे एका स्वरातून दुसऱ्यात अखंड घसरत जाणं या वाद्यांना जमत नाही हा. पेटीवर आकाशवाणीने १९४० साली बंदी घातली, तिच्यामागे तोही होता. पण सुटे, ठरलेले स्वर हा दोष पाइप ऑर्गनमध्येही तितकाच आहे, फक्त तिथे त्याला कुणी दोष म्हणत नाही.