ताप उतरला, पण मनावरचे धुके?

कोविडचा ताप उतरतो, खोकला थांबतो. तरीही घरातील ज्येष्ठ व्यक्ती पूर्वीसारखी वाटत नाही. वाचलेली बातमी ध्यानात राहत नाही, ओळखीचे नाव ओठांवर येऊन अडते, नेहमीचा हिशेब चुकतो. घरचे म्हणतात, ‘आता वय झाले.’ प्रत्येक वेळी ते खरे नसते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये कोविडोत्तर विकाराची व्याख्या केली. संसर्गानंतर साधारणतः ३ महिन्यांच्या आत दिसणारी आणि किमान २ महिने टिकणारी जी लक्षणे तीत नोंदली आहेत, त्यांत थकवा व धाप यांबरोबर विचारशक्तीतील मंदपणाही आहे. ब्रिटनमधील ५१ ते ८१ वर्षे वयाच्या ७८५ व्यक्तींच्या मेंदूचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. संसर्ग होऊन गेलेल्यांत गंध व स्मृती यांच्याशी निगडित भागांची झीज सरासरीने किंचित अधिक आढळली. रेंगाळणारा दाह आणि सूक्ष्म रक्तवाहिन्यांची इजा ही त्यामागची संभाव्य कारणे मानली जातात.

काळजीवाहकाने येथे बारकाईने पाहावे. काही तासांत वा एक-दोन दिवसांत अचानक गोंधळ, असंबद्ध बोलणे किंवा अतिरिक्त गुंगी आली, तर तो वातभ्रम असू शकतो. तेव्हा विनाविलंब रुग्णालय गाठावे. महिनोन्महिने विसराळूपणा वाढतच गेला, तर स्मृतिभ्रंशाची तपासणी हवी. आवडत्या गोष्टींतला रस आटला, झोप व भूक हरपली, तर नैराश्याचा विचार करावा. थायरॉइडचे विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, सोडियम घटणे, काही झोपेची औषधे यांनीही बुद्धी मंदावते आणि यांवर उपाय आहेत. म्हणून चालू असलेल्या सर्व औषधांची यादी डॉक्टरांना दाखवावी. मनाने कोणतेही औषध बंद करू नये.

घरी एका वेळी एकच काम सांगावे. महत्त्वाची कामे सकाळी, मन ताजे असताना उरकावीत. चष्मा व श्रवणयंत्र हाताशी असावे, झोपेची वेळ ठरलेली असावी. थकण्यापूर्वीच विश्रांती घ्यावी. श्रम वाढवायचे ते हळूहळू. मनाचा भार असह्य झाल्यास ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य समुपदेशन मिळते, काळजीवाहकांनीही त्याचा संकोच करू नये.

अनेकांत हे धुके काही महिन्यांत विरळ होते. तोवर ‘एवढेही आठवत नाही?’ हा प्रश्न टाळावा. ज्याला आठवत नाही, त्याला ते आधीच बोचत असते.