‘टॉय स्टोरी ५’ येतोय... माल आत्ताच भरायचा की थांबायचं?



सीझनल मालावरचा व्हिडिओ बघून साताऱ्याच्या एका ताईंचा फोन आला. त्या वाढदिवसाच्या डेकोरेशनची कामं घेतात. फुगे, बॅकड्रॉप, टेबल, रिटर्न गिफ्ट, सगळं त्याच करतात. प्रश्न अगदी सरळ होता. "सर, १९ जूनला टॉय स्टोरीचा पाचवा भाग येतोय. बचत गटातून ८० हजार उचलते आणि त्या थीमचा माल आत्ताच भरून ठेवते. नंतर भाव वाढतील ना?"

गटाचं व्याज महिन्याला २ टक्के. म्हणजे एकही फुगा विकला गेला नाही तरी महिन्याला १६०० रुपये जाणार. मी म्हटलं, "ताई, दोन दिवस थांबा, पैसे उचलू नका." त्या दोन दिवसांत मी जे कागदावर मांडलं, तेच इथे लिहितोय. कारण हा प्रश्न एकट्या ताईंचा नाही. केकवाले, टी-शर्ट छापणारे, खेळण्यांचं दुकान टाकू बघणारे, सगळ्यांचाच आहे.

आधी एक गंमत. ‘टॉय स्टोरी २’मध्ये एक प्रसंग आहे. खेळण्यांच्या भल्यामोठ्या दुकानात बझ लाइटइयरच्या खोक्यांची अख्खी गल्ली भरलेली असते. तिथून गाइड म्हणून गाडी फिरवणारी बार्बी सांगते की १९९५ मध्ये दूरदृष्टी नसलेल्या दुकानदारांनी पुरेशा बाहुल्या मागवल्याच नव्हत्या. लहान मुलांच्या डोक्यावरून जातो तो विनोद. गल्ल्यावर बसणाऱ्याला मात्र बरोबर लागतो!

कारण ते खरंच घडलं होतं. पहिला ‘टॉय स्टोरी’ २२ नोव्हेंबर १९९५ ला अमेरिकेत लागला, ऐन नाताळच्या तोंडावर. पूर्ण संगणकावर बनवलेला तो पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट. असलं काही चालेल की नाही, कुणालाच माहीत नव्हतं. खेळणी बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी हात वर केले, आणि काम गेलं कॅनडातल्या थिंकवे टॉइज नावाच्या तुलनेने लहान कंपनीकडे. पिक्चर तुफान चालला आणि नाताळात बझ मिळेना. आणखी एक. पहिल्या भागात बार्बी घ्यायची होती, पण बार्बीच्या मालकांनी, म्हणजे मॅटेलने, तेव्हा नकार दिला होता. दुसऱ्या भागात तीच बार्बी येऊन दुकानदारांना टोमणा मारते. बाई, तुमच्या मालकांनी तरी कुठे ओळखलं होतं?

हे ऐकून तुम्ही म्हणाल, "बघा सर, म्हणजे भरूनच ठेवायला पाहिजे!"

थांबा. आता त्याच बझची २०२२ ची गोष्ट ऐका. १७ जून २०२२ ला ‘लाइटइयर’ आला. एकट्या बझवरचा पिक्चर. आधीचे ‘टॉय स्टोरी ३’ (२०१०) आणि ‘टॉय स्टोरी ४’ (२०१९) या दोघांनीही जगभरात १०० कोटी डॉलरच्या वर कमाई केली होती. त्यामुळे ‘लाइटइयर’ पडणार असं आधी सांगितलं असतं, तर कुणी ऐकून तरी घेतलं असतं का? बनवायला सुमारे २० कोटी डॉलर लागले, आणि जगभरची तिकीटविक्री २३ कोटींच्या आतच थांबली. त्यातला साधारण निम्मा पैसा थिएटरवाल्यांकडे राहतो, वर जाहिरातीचा खर्च वेगळा. म्हणजे तो तोट्यातच गेला.

एकच बझ. एकदा माल कमी पडला, एकदा पिक्चरच पडला. दोन्ही वेळा अंदाज बांधणारी माणसं आयुष्यभर हाच धंदा केलेली होती. त्यांच्याकडे आकडे होते, पैसा होता. आणि आपण साताऱ्यात बसून ट्रेलर बघून ८० हजारांचा निर्णय घेणार!

२०२५ मध्येही तेच झालं. २० जूनला नेटफ्लिक्सवर ‘केपॉप डीमन हंटर्स’ आला आणि नेटफ्लिक्सवर सगळ्यात जास्त पाहिलेला पिक्चर ठरला. पोरं वेडी झाली, पण बाजारात खेळणी नव्हती. मॅटेल आणि हॅस्ब्रो या दोन कंपन्यांना खेळण्यांचे हक्क दिल्याची घोषणा ऑक्टोबरमध्ये झाली. तेवढ्या मोठ्यांचं हे असं, तर आपलं काय सांगायचं.

माझं स्वतःचं सांगतो. नाशिकला माझं छोटं गिफ्ट शॉप होतं तेव्हाची गोष्ट, २०१५ सालची. एक परदेशी ॲनिमेशन पिक्चर येणार होता, नाव जाऊ दे. मुंबईला क्रॉफर्ड मार्केटच्या मागच्या गल्ल्यांत जाऊन ३४ हजारांचा माल उचलला. मास्क, की-चेन, कंपास पेट्या, बॅनर. व्यापारी म्हणाला, "राहिला तर परत घेतो." पिक्चर दोन आठवड्यांत उतरला. तोपर्यंत माझा ११ हजारांचा माल खपला होता. उरलेला घेऊन गेलो, तर त्याने बिल मागितलं. बिल मी घेतलंच नव्हतं, दोन पैसे स्वस्त मिळतात म्हणून. ती की-चेन पुढे तीन वर्षं मी प्रत्येक राखीबरोबर फुकट देत होतो. बायको अजून म्हणते, "तुझ्या त्या माकडांची एक पिशवी माळ्यावर आहे."

ताईंचा हिशोब

ताईंचा घाऊक माल साधारण पावणेदोन पटीने विकला जातो. १०० चा माल १७५ ला. पिक्चर जोरात चालला आणि सगळा ८० हजारांचा माल गेला, तर हातात १ लाख ४० हजार येतील. ६० हजार सुटले, छानच. पण पिक्चर पडला आणि एक तृतीयांश माल गेला, तर हातात येतील ४६,६६७. म्हणजे ३३ हजारांहून जास्त रक्कम अडकली, शिवाय गटाचं व्याज चालू.

आता दुसरा रस्ता बघा. सुरुवातीला फक्त १५ हजारांचा माल, तोही स्वतःच्या पैशातून. पुढचा माल लागेल तसा मागवायचा, मग तो १५ टक्के महाग मिळाला तरी चालेल.

पिक्चर चालला, पण धावपळीत सगळा माल मिळाला नाही असं धरू. ८० ऐवजी जुन्या भावाने ६० हजारांचाच माल ताईंच्या हातून गेला. पहिले १५ हजार जुन्या भावाने आणि ४५ हजारांचा माल वाढीव भावाने, म्हणजे ५१,७५०. एकूण खर्च ६६,७५०, विक्री १ लाख ५ हजार. सुटले ३८,२५०.

आणि पडला तर? मागणी मघाचीच धरा. तेवढ्या मागणीत १५ हजारांचा माल सहज संपतो. विक्री २६,२५०. म्हणजे पडलेल्या पिक्चरवरही ११,२५० सुटले, आणि दुसरा लॉट मागवलाच नाही.

फोनवर हा हिशोब सांगितल्यावर ताई म्हणाल्या, "पण सर, चालला तर माझे २२ हजार कमी येणार." बरोबर! ते २२ हजार म्हणजे रात्री शांत झोप लागण्याची किंमत. ३३ हजारांचं ओझं डोक्यावर नको असेल, तर ही किंमत मोजायची. ज्याच्याकडे पाच लाख पडून आहेत त्याने नाही मोजली तरी चालेल. बचत गटातून पैसे उचलणाऱ्याने मोजावीच, असं माझं मत आहे.

तारीख अमेरिकेची, शाळा आपल्या

१९ जून शुक्रवार आहे. अमेरिकेत तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी असते, म्हणून तिकडे जूनचा मुहूर्त धरतात. आपल्याकडे जूनच्या मध्यावर शाळा उघडतात, विदर्भात थोड्या उशिरा. दप्तर, डबा, बाटली, कंपास यांची खरेदी पिक्चर लागायच्या आत संपलेली असते. म्हणजे शालेय वस्तू विकणाऱ्याला पिक्चर चालतो की नाही हे बघायची संधीच मिळत नाही. त्याचा सगळा जुगार आधीचा. त्याने ओरिजिनल माल अगदी थोडा ठेवावा आणि साधा माल भरपूर.

वाढदिवसवाल्यांचं उलट आहे. वाढदिवस बारा महिने असतात. त्यातही लहान गावातली बरीच मुलं असे पिक्चर थिएटरमध्ये बघतच नाहीत, काही महिन्यांनी जिओहॉटस्टारवर येतो तेव्हा बघतात, आणि एकदा नाही तर रोज जेवताना बघतात. डेकोरेशनच्या ऑर्डरींची दुसरी लाट तेव्हा येते. त्यामुळे ताईंना घाई करायचं कारणच नाही.

आता चाललाय हे ओळखायचं कसं? इथे २५ जुलै २०२५ आठवा. त्या दिवशी ‘महावतार नरसिंह’ लागला. आपल्याकडे श्रावणही त्याच दिवशी सुरू झाला होता. अश्विन कुमार यांचा पिक्चर, मोठा हिरो नाही, पहिल्या दिवशी देशातली कमाई दोन कोटींच्या आत. शुक्रवारी संध्याकाळी बघितलं असतं तर कुणीही म्हणालं असतं, "गेला." पण रविवारी आकडा नऊ कोटींच्या पुढे गेला. सोमवारीही शुक्रवारपेक्षा जास्त, आणि ही खरी खूण! सोमवारी कुणी सुट्टी म्हणून जात नाही, कुणीतरी "बघच" म्हणून सांगितलेलं असतं म्हणून जातो. दुसरा रविवार तर पहिल्याच्या दुपटीहून मोठा झाला. शेवटी जगभरची कमाई ३०० कोटींच्या वर गेली.

त्या दुसऱ्या रविवारी, ३ ऑगस्टला, ज्याने ओळखलं त्याच्यापुढे काय होतं? ९ ऑगस्टला राखी, १६ ला दहीहंडी, २७ ला गणपती. मखरवाल्यांच्या हातात तीन आठवडे होते. तीन आठवडे म्हणजे वरातीमागून घोडं अजिबात नाही.

टॉय स्टोरीचं मात्र एक वेगळं आहे. नाव मोठं असल्यामुळे पहिला शनिवार-रविवार भरणारच, त्यावरून काही कळणार नाही. २२ जूनचा सोमवार बघा आणि त्याच्या पुढचा शनिवार बघा. आपल्या गावातल्या थिएटरचे हिंदी शो वाढले की कमी झाले, हे तिकिटाच्या ॲपवर फुकट दिसतं. आणि सगळ्यात मोठा आकडा तुमच्याच फोनमध्ये आहे. "टॉय स्टोरी थीम करता का?" असं किती जणांनी विचारलं, ते वहीत लिहा. ॲडव्हान्स दिलेले तीन फोन आले की दुसरा लॉट मागवा. नुसते "विचारून सांगते"वाले धरू नका.

आता कायद्याचं

यात बऱ्याच जणांचा पाय घसरतो, म्हणून जरा थांबून वाचा. इंटरनेटवरून बझचं चित्र उतरवून बॅनर, टी-शर्ट, मग छापून विकणं हा गुन्हा आहे. "सगळेच करतात" हे उत्तर चालत नाही. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३. सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय येऊ शकतात. ओरिजिनल, लायसन्स असलेला माल बिलावर घेऊन विकला तर काहीच अडचण नाही. (बिल घ्या. माझी माकडं आठवा.)

खेळणी विकत असाल तर आणखी एक. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे. रिटर्न गिफ्ट म्हणून दिलेली छोटी गाडीसुद्धा खेळणंच. मार्कखालचा लायसन्स नंबर ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकून बघता येतो, दोन मिनिटांचं काम आहे.

मग ज्याच्याकडे लायसन्स नाही त्याने काय करायचं? नरसिंह, प्रल्हाद हे कुणा एकाच्या मालकीचे नाहीत. ते आपल्या पुराणातले, कितीतरी घरांचे कुलदैवत. पिक्चरमधला नरसिंहाचा चेहरा मात्र त्या कंपनीचा. तुमच्या मूर्तिकाराने स्वतः घडवलेला नरसिंह तुमचा. त्याच मालिकेतला ‘महावतार परशुराम’ २०२७ साठी जाहीर झालाय, तेव्हा चिपळूणच्या मंडळींनी आत्तापासून डोकं चालवायला हरकत नाही.

तसंच इथे. बझ त्यांचा, पण अंतराळ सगळ्यांचं. रॉकेट, तारे, ग्रह, काउबॉयची टोपी, लाल-पिवळा-निळा फुगा हे कुणाच्याही मालकीचं नाही. आणि पाचव्या भागाचा विषयच मुळी खेळणी विरुद्ध टॅबलेट असा आहे. वुडी, बझ, जेसी यांच्यासमोर मुलीच्या हातातला टॅब उभा राहतो. अहो, हे तर प्रत्येक घरातलं रोजचं भांडण! सावंतवाडीची लाकडी खेळणी, भातुकली, भोवरे, सागरगोटे विकणाऱ्यांसाठी यापेक्षा चांगला महिना कुठला? ‘मोबाईल बंद, खेळ सुरू’ अशी पार्टी ठेवा. पिक्चरचं नाव नको, चित्र नको, फक्त त्या दिवसांत घराघरांत चाललेलं बोलणं पकडा.

ताईंना हेच सांगितलं. त्यांनी गटातून पैसे उचलले नाहीत. १४ हजारांचा साधा अंतराळ थीमचा माल मागवलाय, बिलासकट. पिक्चर पडला तरी तो दिवाळीपर्यंत कुठल्याही मुलाच्या वाढदिवसाला चालेल. बझच्या ओरिजिनल वस्तूंसाठी पुण्याच्या एका होलसेलरकडून भाव आणि ‘किती दिवसांत मिळेल’ एवढंच लिहून घेतलंय. तो चार दिवस म्हणालाय.

२३ जूनला, मंगळवारी सकाळी, त्यांचा वही घेऊन फोन येणार आहे. वहीत काय निघालं ते पुढच्या व्हिडिओत सांगतो.