जीई रोड: भिलाईची उत्तर बाजू

नागपूरहून भंडारा, राजनांदगाव, दुर्ग करत रायपूरकडे जाणाऱ्या ग्रेट ईस्टर्न रोडला भिलाईत सगळे जीई रोडच म्हणतात. 2 फेब्रुवारी 1955 रोजी सोव्हिएत संघाशी पोलाद कारखान्याचा करार झाला, तेव्हा हा मुलूख जुन्या मध्य प्रदेशात होता आणि राजधानी होती नागपूर. पुढच्याच वर्षी राज्यपुनर्रचनेत राजधानी भोपाळला गेली. नागपूरशी भिलाईचे नाते उरले ते याच रस्त्याचे आणि रेल्वेचे.

4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. रुळांच्या दक्षिणेला कारखाना आणि आखीव सेक्टर उभे राहिले. बांधकामावर आलेल्या मजुरांचे कॅम्प उत्तरेला, जीई रोडच्या कडेने पडले. काम सरले, तरी कॅम्प-1, कॅम्प-2 ही नावे टिकली आणि माणसेही. पॉवर हाऊसची बाजारपेठ आणि सुपेल्याचा रविवारचा बाजार याच बाजूचे. पुढे नंदिनी रोडच्या अंगाने खासगी कारखाने आले, जामूलला एसीसीचा सिमेंट कारखानाही.

भिलाईला नाव मिळवून देणारी माणसेही सगळी सेक्टरांतली नव्हती. पंडवानी गायिका तीजनबाई उत्तरेकडच्या गनियारीच्या. बायकांनी बसून गावे, हा रिवाज मोडून त्या तंबोरा हाती घेऊन उभ्याने गायल्या. पंडवानी गाण्यापायी समाजाने त्यांना वाळीत टाकले. नंतर पोलाद कारखान्याने त्यांना नोकरी दिली आणि 2019 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले.

कामगारनेते शंकर गुहा नियोगींची वाट नेमकी उलटी. ते याच कारखान्यात कामाला होते. नोकरी गेली आणि पुढे ते दल्ली राजहराच्या खाणकामगारांत जाऊन राहिले. नव्वदीच्या सुरुवातीला ते भिलाईच्या खासगी कारखान्यांतल्या कंत्राटी कामगारांसाठी परतले. मागण्या साध्या होत्या: नोकरीत कायम करा, जगण्यापुरते वेतन द्या. 28 सप्टेंबर 1991 च्या पहाटे हुडको वसाहतीतल्या घरात, झोपेत असताना त्यांना गोळी घातली गेली. सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये गोळी झाडणाऱ्याला जन्मठेप दिली. आरोपी उद्योगपती सुटले.

मागण्या मात्र तशाच राहिल्या. 1 जुलै 1992 रोजी पॉवर हाऊस स्थानकात रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात अनेक जण मारले गेले. दरवर्षी त्या दिवशी कामगार तिथे जमतात. भिलाईच्या तारखा सांगायच्या, तर 4 फेब्रुवारीबरोबर हीही सांगावी लागते.