तरुण पिढी आणि कार्यजन्य थकवा

कार्यजन्य थकवा किंवा बर्नआउट ही कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ टिकून राहिलेल्या आणि योग्य रीतीने न हाताळल्या गेलेल्या ताणातून उद्भवणारी अवस्था आहे. शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी दुरावा किंवा तिटकारा आणि आपल्या हातून काही नीट घडत नाही अशी जाणीव ही तिची तीन प्रमुख लक्षणे मानली जातात. एकविसाव्या शतकात, विशेषतः १९८० नंतर जन्मलेल्या पिढ्यांच्या संदर्भात, या संज्ञेचा वापर मोठ्या प्रमाणावर होऊ लागला. आधुनिक काम आणि जीवनशैली यांमुळे तरुण पिढी आधीच्या पिढ्यांपेक्षा अधिक थकत आहे का, हा मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि कामगार धोरण या तिन्ही क्षेत्रांतील चर्चेचा विषय आहे. या विषयावरील संशोधनाचा मुख्य प्रवाह थकव्याचा संबंध पिढीच्या स्वभावापेक्षा कामाच्या रचनेशी जोडतो.

व्याख्या आणि लक्षणे

जागतिक आरोग्य संघटनेने मे २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय रोग वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटचा समावेश आहे. मात्र त्याची नोंद रोग म्हणून नव्हे, तर व्यवसायाशी निगडित घटित म्हणून केलेली आहे. ही संज्ञा केवळ कामाच्या संदर्भातच वापरावी, जीवनाच्या इतर क्षेत्रांतील अनुभवांसाठी वापरू नये, असेही या वर्गीकरणात स्पष्ट केले आहे.

साधा थकवा झोप किंवा सुट्टी यांमुळे भरून निघतो. कार्यजन्य थकव्यात सुट्टीनंतर काही काळ बरे वाटले, तरी तेच काम पुन्हा सुरू होताच लक्षणे परततात. सहकारी, ग्राहक, रुग्ण किंवा विद्यार्थी यांच्याविषयी येणारा कोरडेपणा हे या अवस्थेचे वैशिष्ट्य आहे. झोप न लागणे, चिडचिड, डोकेदुखी आणि एकाग्रता कमी होणे या तक्रारीही अनेकदा आढळतात. नैराश्याशी या अवस्थेचे बरेच साम्य आहे. दोन्ही अवस्था वेगळ्या मानाव्यात की नाहीत, याविषयी संशोधकांत मतभेद आहेत.

संकल्पनेचा इतिहास

वेगवान जीवनामुळे माणसे थकतात ही तक्रार नवी नाही. अमेरिकी वैद्य जॉर्ज मिलर बियर्ड यांनी १८६९ साली ‘न्युरास्थेनिया’ म्हणजे मज्जातंतूंच्या दुर्बलतेची संकल्पना लोकप्रिय केली. १८८१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी वाफेची शक्ती, तारयंत्र, नियतकालिके, विज्ञानाची प्रगती आणि स्त्रियांचे वाढते बौद्धिक कार्य ही या दुर्बलतेची कारणे सांगितली. पुढे वैद्यकशास्त्रात ही संकल्पना मागे पडली.

बर्नआउट ही संज्ञा आजच्या अर्थाने रूढ करण्याचे श्रेय मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांना दिले जाते. १९७४ साली त्यांनी लिहिलेला लेख न्यूयॉर्कमधील एका मोफत दवाखान्यातील अनुभवावर आधारित होता. तेथे सेवाभावाने आलेले स्वयंसेवक साधारण वर्षभरानंतर थकलेले, चिडचिडे आणि निरुत्साही होत असल्याचे त्यांच्या लक्षात आले. या निरीक्षणानुसार ही अवस्था आळशी माणसांत नव्हे, तर कामाला सर्वाधिक वाहून घेतलेल्यांत प्रथम दिसत होती.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील क्रिस्टिना मासलाक यांनी सुझन जॅक्सन यांच्यासह १९८१ साली बर्नआउट मोजण्याची प्रश्नावली प्रसिद्ध केली. ‘मासलाक बर्नआउट इन्व्हेंटरी’ या नावाने ओळखली जाणारी ही प्रश्नावली आजही सर्वाधिक वापरली जाते. पुढे तिची विद्यार्थ्यांसाठीची आवृत्तीही तयार झाली.

कामाचे तास : मुंबईच्या गिरण्यांपासून

कामाच्या तासांचा प्रश्न महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकापासून चर्चेत आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम चाले. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांना संघटित करून साप्ताहिक सुट्टीची मागणी केली. ही मागणी १८९० साली मान्य झाली आणि रविवार हा गिरण्यांचा सुट्टीचा दिवस ठरला. १८९१ च्या कारखाने कायद्याने साप्ताहिक सुट्टीला कायद्याचा आधार मिळाला.

विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्यांत विजेचे दिवे आले, तेव्हा सूर्यास्ताची नैसर्गिक मर्यादा संपली आणि कामाचा दिवस लांबला. त्यातून निर्माण झालेल्या असंतोषानंतर १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांसाठी दिवसाला १२ तासांची मर्यादा घातली. १९२२ साली ही मर्यादा दिवसाला ११ तास व आठवड्याला ६० तास, १९३४ साली बारमाही कारखान्यांसाठी १० तास व ५४ तास, तर १९४६ साली ९ तास व ४८ तास अशी कमी होत गेली. स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाने ४८ तासांचा आठवडा कायम ठेवला. स्मार्टफोन आणि इंटरनेट यांनी कार्यालयीन कामाच्या बाबतीत जो बदल घडवला, त्याची तुलना गिरण्यांतील विजेच्या दिव्यांशी करता येते. दोन्ही वेळा तंत्रज्ञानाने काम थांबण्याची जुनी सीमा पुसली. तिच्या जागी नवी सीमा आपोआप निर्माण झाली नाही.

कारणे

कामाचे लांबलेले तास हे या अवस्थेचे सर्वाधिक चर्चिले जाणारे कारण असले, तरी ते एकमेव नाही. मासलाक आणि मायकल लाइटर यांनी माणूस व काम यांच्यातील विसंगतीची सहा क्षेत्रे सांगितली आहेत :

• कामाचा बोजा : उपलब्ध वेळ व माणसे यांच्या मानाने अधिक काम
• नियंत्रण : काम कसे व केव्हा करावे हे ठरवण्याची मुभा नसणे
• मोबदला : वेतन, बढती किंवा कौतुक यांची उणीव
• सहकार्य : सहकाऱ्यांचा आधार नसणे किंवा सततचे तंटे
• न्याय्यता : कामाच्या वाटपात व मूल्यमापनात पक्षपात
• मूल्ये : संस्था सांगते ते आणि प्रत्यक्षात करवून घेते ते यांत अंतर

इव्हँगेलिया डेमेरूटी, आर्नोल्ड बाकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली मांडलेल्या प्रतिमानानुसार, कामाच्या मागण्या वाढत गेल्या आणि त्या पेलण्यासाठी लागणारी साधने मात्र वाढली नाहीत, की थकवा व कामाविषयीची अलिप्तता निर्माण होते. स्वायत्तता, प्रशिक्षण, वरिष्ठांचा आधार आणि विश्रांती यांचा साधनांत समावेश होतो.

अतिश्रमाचे शरीरावरील परिणामही अभ्यासले गेले आहेत. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२१ मधील संयुक्त अहवालानुसार, आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांत ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के अधिक आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्के अधिक असतो. २०१६ साली जगभरात सुमारे ७,४५,००० मृत्यू अशा दीर्घ कामामुळे झाल्याचा अंदाज या अहवालात आहे.

तरुण पिढी अधिक थकली आहे का?

वय आणि भावनिक थकवा यांच्या संबंधावरील अभ्यासांचे ब्र्यूअर आणि शेपर्ड यांनी २००४ साली एकत्रित विश्लेषण केले. अमेरिकेतील तरुण कर्मचाऱ्यांत थकव्याचे प्रमाण किंचित अधिक असल्याचे त्यात आढळले. हा निष्कर्ष आजच्या तरुणांविषयी विशेष चर्चा सुरू होण्यापूर्वीचा आहे. त्यामुळे वय आणि पिढी या दोन गोष्टी वेगळ्या धराव्या लागतात. नोकरीच्या पहिल्या वर्षांत अनुभव व अधिकार कमी आणि स्वतःला सिद्ध करण्याचे दडपण अधिक असते. ही स्थिती कोणत्याही पिढीतील तरुणांच्या वाट्याला येऊ शकते.

दुसरा मुद्दा निवडीचा आहे. जे लवकर थकतात, ते पुष्कळदा ती नोकरी किंवा तो व्यवसायच सोडतात. परिणामी पाहणीच्या वेळी कामावर असलेले ज्येष्ठ कर्मचारी हे टिकून राहिलेले कर्मचारी असतात. त्यांच्या तुलनेत तरुण दुबळे आहेत, असा निष्कर्ष यावरून काढता येत नाही.

मोजमापातही एकवाक्यता नाही. डॉक्टरांमधील बर्नआउटविषयीच्या १८२ अभ्यासांचा २०१८ साली आढावा घेण्यात आला, तेव्हा त्यांत बर्नआउटच्या किमान १४२ वेगवेगळ्या व्याख्या वापरल्याचे दिसले आणि त्याचे प्रमाण शून्यापासून ८०.५ टक्क्यांपर्यंत नोंदवलेले आढळले. वेगवेगळ्या काळांतील पिढ्यांची एकाच मापाने तुलना करणे यामुळे कठीण होते. मानसिक त्रासाविषयी बोलण्याचा संकोच कमी झाल्यानेही तरुणांकडून अधिक नोंदी होण्याची शक्यता असते.

असे असले, तरी तरुणांच्या कामाच्या परिस्थितीत काही खरे बदल झाले आहेत. कंत्राटी व मंचाधारित काम वाढले आहे. नीती आयोगाच्या २०२२ मधील अहवालानुसार भारतात २०२०-२१ साली सुमारे ७७ लाख गिग कामगार होते आणि २०२९-३० पर्यंत ही संख्या २.३५ कोटींवर जाण्याचा अंदाज आहे. घरपोच सेवा देणाऱ्या अशा कामगाराचा दिवस ठरलेल्या पाळीने संपत नाही. मिळकत फेऱ्यांवर आणि ग्राहकांनी दिलेल्या गुणांवर अवलंबून असते.

पूर्व आशियातील अनुभव

जपानमध्ये अतिश्रमाने येणाऱ्या मृत्यूला ‘करोशी’ म्हणतात. १९६९ साली एका वृत्तपत्राच्या वितरण विभागातील २९ वर्षीय कर्मचाऱ्याचा झालेला मृत्यू हे त्याचे पहिले नोंदले गेलेले उदाहरण मानले जाते. म्हणजे आज आजोबांच्या वयात असलेल्या पिढीच्या तरुणपणीही हा प्रश्न अस्तित्वात होता. जपानने २०१४ साली करोशी रोखण्यासाठी कायदा केला. २०१८ च्या सुधारणेने जादा कामावर सर्वसाधारणपणे महिन्याला ४५ तास व वर्षाला ३६० तासांची मर्यादा घातली.

चीनमध्ये सकाळी नऊ ते रात्री नऊ, आठवड्यातून सहा दिवस अशा कामाच्या पद्धतीला ‘९९६’ हे नाव पडले. २०१९ साली तेथील संगणक अभियंत्यांनी तिच्याविरुद्ध इंटरनेटवर मोहीम चालवली. ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च लोकन्यायालयाने ही पद्धत बेकायदेशीर असल्याचे स्पष्ट केले. त्याच वर्षी ‘तांग पिंग’ म्हणजे आडवे पडून राहणे हा शब्द तेथील तरुणांत लोकप्रिय झाला. दक्षिण कोरियात २०२३ साली आठवड्याची मर्यादा ५२ वरून ६९ तासांपर्यंत नेण्याचा सरकारी प्रस्ताव तरुणांच्या विरोधानंतर फेरविचारासाठी मागे ठेवावा लागला.

भारत आणि महाराष्ट्र

ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे सहसंस्थापक नारायण मूर्ती यांनी देशाच्या प्रगतीसाठी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे, असे मत व्यक्त केले. त्यावर देशभर चर्चा झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये पुण्यातील एका तरुण सनदी लेखापालाच्या मृत्यूनंतर कुटुंबीयांनी कामाच्या बोज्याविषयी तक्रार केली. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली.

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ मध्ये दिवसाला नऊ व आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती. व्यवस्थापकीय, पर्यवेक्षकीय आणि गोपनीय स्वरूपाच्या पदांना मात्र हा अधिनियम लागू नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकाने व आस्थापनांत दैनंदिन मर्यादा दहा तास आणि कारखान्यांत बारा तास करण्यास मान्यता दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा तशीच ठेवण्यात आली.

पुणे व मुंबई परिसरातील माहिती तंत्रज्ञान उद्योगात वेळेतील फरक हा वेगळा घटक आहे. हिवाळ्यात न्यूयॉर्कमध्ये सकाळचे साडेनऊ वाजतात, तेव्हा भारतात रात्रीचे आठ वाजलेले असतात. त्यामुळे तेथील ग्राहकांच्या दिवसाची सुरुवात येथील जेवणाच्या वेळी होते. वैद्यकीय शिक्षणात निवासी डॉक्टरांच्या सलग पाळ्या हा मार्ड या संघटनेच्या आंदोलनांतील जुना मुद्दा आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने २०२४ साली त्यांचे काम आठवड्याला ७४ तासांपेक्षा अधिक नसावे आणि एक दिवस सुट्टी असावी, अशी शिफारस केली. ही शिफारस केलेली कमाल मर्यादाही कारखान्यातील कामगाराच्या ४८ तासांहून बरीच मोठी आहे.

स्त्रियांच्या बाबतीत पगारी कामाचे तास हा दिवसाचा एक भाग असतो. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ वापर सर्वेक्षणानुसार घरातील विनावेतन कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे, तर अशी कामे करणारे पुरुष ८८ मिनिटे खर्च करतात.

उपाययोजना

उपायांचे व्यक्तिगत आणि संस्थात्मक असे दोन प्रकार केले जातात. ध्यान, ताण-व्यवस्थापनाचे वर्ग, आरोग्यविषयक ॲप यांचा समावेश पहिल्या प्रकारात होतो. ब्रिटनमधील २३३ संस्थांतील ४६,३३६ कर्मचाऱ्यांच्या माहितीवर आधारलेल्या, विल्यम फ्लेमिंग यांच्या २०२४ मधील अभ्यासात असे कार्यक्रम घेणारे आणि न घेणारे कर्मचारी यांच्या मानसिक स्वास्थ्यात लक्षणीय फरक आढळला नाही. स्वयंसेवेची संधी हा त्याला अपवाद होता.

दुसऱ्या प्रकारात कामाचा बोजा, वेळ आणि अधिकार यांत बदल केला जातो. आइसलँडमध्ये २०१५ ते २०१९ या काळात सुमारे २,५०० कर्मचाऱ्यांचा आठवडा वेतन न घटवता ४० तासांवरून ३५ ते ३६ तासांवर आणण्यात आला. त्यांचे स्वास्थ्य सुधारले आणि बहुतेक ठिकाणी काम पूर्वीइतकेच किंवा अधिक चांगले झाले. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना कामाच्या वेळेनंतर संपर्कापासून मुक्त राहण्याच्या हक्काविषयी कर्मचाऱ्यांशी वाटाघाटी कराव्या लागतात. ऑस्ट्रेलियात असा हक्क ऑगस्ट २०२४ पासून लागू झाला. भारतात बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०१८ मध्ये याच आशयाचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले. त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही.

व्यक्तीच्या पातळीवर झोप, व्यायाम, सहकाऱ्यांशी संवाद आणि गरज पडल्यास समुपदेशकाचा किंवा मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला यांचे महत्त्व आहेच. भारत सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. मात्र मासलाक यांच्यासह अनेक संशोधकांचे म्हणणे असे, की थकलेल्या माणसाला सावरून पुन्हा त्याच परिस्थितीत पाठवल्यास मूळ कारण तसेच राहते.