चकतीचा पाया कशाचा असावा?

पितळेच्या भांड्यांत ताक कळकतें, म्हणून कल्हई केल्याखेरीज तें त्यांत ठेवूं नये, हें घरांतील मूलहि जाणतें. प्रकाशाच्या साहाय्यानें रक्तांतील रोगसूचक द्रव्य ओळखणाऱ्या ज्या चिमुकल्या चकत्या हल्लीं प्रयोगशाळांतून तयार होतात, त्यांच्या पायाची निवड करतांनाहि हाच विचार करावा लागतो. आमचा एक पुतण्या या कामांत आहे. त्याच्याशीं वाद घालतां घालतां आम्हांस जें उमगलें, तें वाचकांपुढें ठेवितों.

या विद्येचा एक मार्ग १९८३ सालीं स्वीडनमधील लिंकोपिंग येथें लिडबर्ग, निलँडर व लुंडस्ट्रोम यांनीं दाखविला. कांचेवर सुमारें ५० नॅनोमीटर जाडीचा सोन्याचा थर द्यावयाचा, त्यावर रोगद्रव्यास पकडणारीं प्रतिपिंडें बसवावयाचीं, आणि खालून प्रकाश पाडावयाचा. एका विवक्षित कोनांत परतणारा प्रकाश मंदावतो. वर द्रव्य चिकटलें कीं तो कोन सरकतो. चांदीनें ही खूण अधिक रेखीव उमटते. पण चांदी काळवंडते, हें देवघरांतील निरांजन घासणाऱ्यांस सांगावयास नको! मात्र सोनें कांचेस धड धरीत नाहीं. मध्यें क्रोमियम किंवा टायटॅनियमचा अगदीं पातळ थर लागतो, आणि तो जाड झाला कीं खूण बोथट होते.

दुसरा मार्ग प्रकाशास सूक्ष्म वाहिनींतून नेण्याचा. सिलिकॉनचा वक्रीभवनांक सुमारें ३.४८, त्यांत प्रकाश घट्ट कोंडून राहतो व लहान वळणेंहि घेतो.

"मग सिलिकॉनच कां नको?" आम्हीं विचारलें.

"काका, त्यांतून दृश्य प्रकाश जात नाहीं. १.५५ मायक्रोमीटरच्या लहरी जातात, पण त्या पाणी शोषून घेतें; आणि रक्तांत बहुतेक पाणीच."

शिवाय किंचित् उष्णता वाढली तरी सिलिकॉनचा वक्रीभवनांक ढळतो. खोली तापली म्हणून निरोग्यास रोगी ठरविणारें यंत्र काय कामाचें? सिलिकॉन नायट्राइड या बाबतींत पुष्कळ स्थिर, व दृश्य प्रकाशासहि पारदर्शक. पण त्याचा अंक सुमारें २, म्हणून वळणें मोठीं घ्यावीं लागतात.

आमचा आग्रह प्लॅस्टिकचा. तालुक्याच्या दवाखान्यास परवडेल तेंच खरें, असें आमचें मत. परवां पुतण्यानें अंधाऱ्या माजघरांत जांभळ्या दिव्याखालीं दोन चकत्या धरल्या. क्वार्ट्झची काळीच राहिली. प्लॅस्टिकची निळसर चमकूं लागली.

"हिच्यावर चमकणारा रंग लावून रक्त तपासलें, तर चमक रंगाची कीं हिची, हें कसें ओळखावयाचें?" वहिनींनीं विचारलें.

"आई, सध्यां माझे सहा महिने त्यांतच चालले आहेत," तो म्हणाला.